लीआची अंगठी

ज्यू माणूसही ख्रिस्ती माणसासारखाच हाडामांसाचा असतो, हे बजावणारं 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधलं शायलॉकचं भाषण पाठांतर करकरून पार गुळगुळीत झालंय. ते सुडाच्या हक्कापाशी जाऊन थांबतं, हे सहसा कुणी सांगत नाही. मला त्यापेक्षा त्याच प्रवेशात पुढे येणारी एक अंगठी मोलाची वाटते.

शायलॉकची मुलगी जेसिका घरातले पैसे-दागिने घेऊन लोरेन्झो या ख्रिस्ती तरुणाबरोबर पळाली आहे. तिचा माग काढून आलेला शायलॉकचा मित्र ट्यूबल एक बातमी मुलीच्या उधळपट्टीची सांगतो, की लगेच दुसरी शायलॉकचा कर्जदार असलेल्या अँटोनिओच्या बुडालेल्या जहाजाची. शायलॉक घटकेत कळवळतो, घटकेत हरखतो. १५९० च्या दशकातला लंडनचा प्रेक्षक इथे पोट धरून हसला असणार. ज्यूंना १२९० मध्येच इंग्लंडबाहेर घालवलेलं. त्यामुळे ज्यू म्हटला की या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे येणार तो मार्लोच्या नाटकातला बाराबास, विहिरींत विष कालवल्याची फुशारकी मारणारा.

या हशातच ट्यूबल सांगतो, की तुझ्या मुलीने एक अंगठी देऊन माकड घेतलं. शायलॉक अंगठी ओळखतो. पिरोज्याची, लग्नाआधी लीआने, त्याच्या बायकोने, दिलेली. ढीगभर माकडं मिळाली असती तरी त्याने ती सोडली नसती. लीआ रंगमंचावर कधीच येत नाही, तिचं नाव पुन्हा निघत नाही, कथानकाचं तिच्यावाचून काही अडतही नाही. पण तीन हजार डुकाटांच्या कर्जापायी माणसाचं मांस तोलायला निघालेल्या सावकाराकडे मोल न करता येणारी एक वस्तू होती, हे आपल्याला कळून चुकतं. माकडांचा विनोद तसाच राहतो. हसू मात्र घशात अडकतं. नटाने इथे घाई केली की सगळं गेलं.

पुढे बॅसानिओ आणि ग्रॅशिआनो, दोघे सभ्य ख्रिस्ती नवरे, बायकांनी दिलेल्या, कधीही न काढण्याची शपथ घेतलेल्या अंगठ्या देऊन टाकतात. शेक्सपिअर लीआच्या अंगठीची आठवणही करून देत नाही.

म्हणून तो पूर्वग्रहातून सुटला, असं मी म्हणणार नाही. खटल्यात हरलेल्या शायलॉकने ख्रिस्ती व्हावं ही अँटोनिओची अट नाटकात दया म्हणून येते. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात बुर्गथिएटरने वेर्नर क्राउसला शायलॉक करून हेच नाटक ज्यूद्वेषाच्या प्रचाराला जुंपलं. जुंपता आलं, कारण ते विष संहितेत आहेच. आणि पाचवा अंक पाहा. बेलमाँटच्या चांदण्यात नवऱ्यांच्या अंगठ्यांवरून लटकी भांडणं होतात, माफीही मिळते. शायलॉकचं नाव त्या अंकात एकदाही कुणी घेत नाही. तो उरतो फक्त पैसेवाला ज्यू म्हणून: एकदा जेसिका-लोरेन्झोच्या लाडिक गप्पांत, आणि एकदा त्याच्या इस्टेटीचा कागद त्या दोघांच्या हाती देताना.