चेंडू पुढच्या टेबलाकडे

पुण्यात राहून भारतीय फुटबॉलची काळजी करणे म्हणजे एकादशीला मटणाचा भाव विचारण्यासारखे आहे. लोक तोंडाने काही बोलत नाहीत, पण बघतात. आमच्या सोसायटीत क्रिकेटची काळजी वाहणारी चाळीस बिऱ्हाडे आहेत. फुटबॉलची काळजी एकट्या माझ्याकडे आहे आणि ती वाटून घ्यायला कुणी तयार नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी मडगावला आपला सिंगापूरशी सामना होता. पहिल्या पंधरा मिनिटांतच छांगतेने लांबून एक सुरेख गोल मारला आणि मी सोफ्यावरून उडी मारून ओरडलो. आतून आमची ही म्हणाली, "अहो, झुरळ निघालं का?" तिची चूक नाही. आमच्या घरात भारताच्या गोलापेक्षा झुरळच जास्त वेळा निघते. पुढे सिंगापूरने दोन गोल केले, आपण हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

हरल्याचे मला एवढे वाटत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, तोटा बघून दचकत नाही. घाबरतो ते जमेची बाजू कोरी बघून. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकातला आपला हिशेब घ्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध शून्य, उझबेकिस्तानविरुद्ध शून्य, सीरियाविरुद्ध शून्य. बेरजेला कॅल्क्युलेटर लागत नाही एवढीच काय ती सोय. त्या अख्ख्या वर्षात आपण एकही सामना जिंकलो नाही. सप्टेंबरात हैदराबादला मॉरिशसशीसुद्धा गोलशून्य बरोबरी! मॉरिशस हे नाव मी तोवर फक्त मधुचंद्राच्या जाहिरातीत वाचले होते.

बरे, चेंडू आपल्याकडे नसतो असेही नाही. असतो की! गोलरक्षकाकडून डाव्या बॅककडे, त्याच्याकडून मधल्याकडे, मधल्याकडून उजवीकडे, उजवीकडून पुन्हा गोलरक्षकाकडे. हा प्रवास मला पाठ आहे. आमच्याकडे कर्जाचा अर्ज असाच फिरतो. प्रत्येक टेबलावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा पडतो आणि सही कुणीच करत नाही. कारण सही केली की माणूस सापडतो. बचावफळी फोडून पुढे दिलेला पास बहुतेक वेळा फुकटच जातो आणि तो कुणी घालवला हे सगळ्या स्टेडियमला दिसते. मागे दिलेला पास कधी चुकत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एकही ठपका नाही, याचे कारण वीस वर्षांत मी एकही निर्णय घेतलेला नाही. त्यामुळे आपल्या मिडफील्डकडे बघताना मला परकेपणा असा कधी वाटतच नाही.

मग इतकी वर्षे गोल कोण करत होते? सुनील छेत्री. एका ठेवीदारावर अख्खी शाखा चालली होती. जून २०२४ मध्ये कोलकात्याला कुवेतशी गोलशून्य सामना खेळून तो निवृत्त झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याला परत बोलावावे लागले. चाळिशीतल्या त्या माणसाने शिलाँगला मालदीवविरुद्ध आपला ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल केलाही. मला आमचे निवृत्त हेडकॅशिअर आठवले. मार्चअखेर त्यांना रिक्षा पाठवून आणले होते, कारण तिजोरीची किल्ली नेमकी कुठे अडते ते त्यांनाच ठाऊक!

यात पोरांचा दोष मी कमी धरतो. क्लबांनी गोल करण्याचे खातेच परदेशी पाहुण्यांच्या नावे करून टाकले. २०१४ ते २०२५ या काळात इंडियन सुपर लीगचे अकरा हंगाम झाले, पण सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळाला नाही. २०२४-२५ मध्ये भारतीयांत सर्वाधिक, म्हणजे १४ गोल कुणाचे? पुन्हा त्या चाळिशीतल्या छेत्रीचेच. आमच्या एफसी पुणे सिटीचे सामने बघायला मी दोन बस बदलून बालेवाडीला जात असे. तिथे गोल करायला मार्सेलिनो आणि अल्फारो, आणि आपली पोरे चेंडू पोचवायला. पाहुणे जेवणार, घरचे वाढणार. २०१९ मध्ये तो क्लबही बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा आला. वाढपीसुद्धा गेले.

१९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला एकट्याने तीन गोल मारले होते आणि आपण चौथे आलो होतो, हे मी शाखेत सांगतो तेव्हा लोक पासबुक छापायच्या मशीनकडे बघत राहतात. ऐकतो तो एकटा आमचा कोल्हापूरकर. तो शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचे सामने बघत वाढलेला. "तुमच्या पोरांना कुणी शिव्याच घातल्या न्हाईत बगा," तो म्हणतो. "आमच्याकडं बॉल मागं दिला की गॅलरी उठती. पुढं मारून घालवला तर चालतंय, पन मागं? छ्या!"

हे मला इतके पटले की मी त्याला चहा पाजला.

गेल्या रविवारी चिरंजीवांचा शाळेचा सामना होता. स्वारी पुढच्या फळीत. शेवटची दोन मिनिटे राहिली असताना त्याने एकाला चकवले, दुसऱ्याला चकवले, समोर फक्त एक बॅक आणि गोलरक्षक. आणि मैदानाबाहेरून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडले, "अरे, मागे दे! मागे दे!"

त्याने मागे दिला. सामना शून्य-शून्य सुटला.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, तुम्हीच ओरडलात ना?" मी गाडी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी थांबवली आणि त्याला मोठा ग्लास घेऊन दिला.

सोमवारी कोल्हापूरकराने विचारले, "काय, पोरानं गोल किती घातलं?"

"एकही नाही," मी म्हणालो. "पण चूक एकही नाही हं!"

त्याने नुसते माझ्याकडे बघितले, हातातली फाईल उचलली आणि पुढच्या टेबलावर नेऊन ठेवली.