'मुलांना रस नाही' : एका निदानाची चिकित्सा
('झुंड', 'फँड्री' आणि 'कोसला' यांच्या संदर्भात)

नॅकच्या मूल्यांकनासाठी स्वयं-अध्ययन अहवाल लिहिण्याचे काम ज्या प्राध्यापकांच्या वाट्याला आले आहे, त्यांना 'मंद गतीने शिकणारे' आणि 'प्रगत' ही विद्यार्थ्यांची विभागणी परिचित असेल. अशी विभागणी कशी करता आणि त्यानुसार कोणते उपक्रम राबवता, असे या प्रश्नावलीत अनेक वर्षे विचारले जात असे. आपण प्रवेशाच्या वेळचे गुण पाहून दोन याद्या करतो. पहिल्या यादीसाठी उपचारात्मक वर्गांचे वेळापत्रक लावतो आणि ते वर्ग रिकामे राहिले की प्राध्यापक-कक्षात एक वाक्य उच्चारले जाते : 'मुलांना रसच नाही.' जिल्हा परिषदेच्या शाळेपासून विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागापर्यंत हे वाक्य सारख्याच सहजतेने वापरात आहे. त्याला निदानाचे रूप असले तरी ते बहुधा तपासणीआधीच केलेले असते. प्रस्तुत लेखात या निदानाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी सर्वेक्षणांऐवजी तीन कलाकृतींचा आधार घेतला आहे, कारण विद्यार्थ्याची जी बाजू वर्गातील टेबलामागून दिसत नाही ती या कलाकृती दाखवतात.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एका गोष्टीची आठवण होणे स्वाभाविक आहे. भरताच्या विचारात रस ही कोठे आधीच साठवून ठेवलेली वस्तू नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून त्याची निष्पत्ती होते. नाटक पडले तर प्रेक्षकात रस नव्हता असे आपण म्हणत नाही. वर्गाच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हणतो.

हे निदान केवळ आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत १९८३ साली 'अ नेशन ॲट रिस्क' हा अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून शाळांची मानके, चाचण्या, शिक्षकांचे उत्तरदायित्व अशा सुधारणा एकामागून एक झाल्या. २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदाही आला. अपेक्षित सुधारणा दिसेना तेव्हा मुलांनाच शिकायचे नाही, त्याला शाळा काय करणार, असा सूर तेथेही उमटला. वास्तविक जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या विख्यात अहवालात या सुराचे उत्तर आधीच येऊन गेले होते. आपल्या भवितव्यावर आपला काही ताबा आहे की नाही, याविषयीच्या मुलाच्या भावनेचा त्याच्या शैक्षणिक संपादनाशी निकटचा संबंध आहे आणि वंचित गटांच्या बाबतीत तो विशेषच ठळक आहे, असे त्या अहवालाला आढळले होते. म्हणजे ज्याला आपण प्रेरणा म्हणतो तिच्या मुळाशी मुलाने जगाविषयी केलेला एक अंदाज असतो. तो अंदाज दरवेळी चुकीचा असतो असेही नाही.

आपल्याकडे याहून जुने आणि अधिक नेमके विवेचन उपलब्ध आहे. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्यात शेतकऱ्यांची व अन्य गरिबांची मुले शाळेत का येत नाहीत याची मीमांसा आहे. अत्यंत दारिद्र्यामुळे या घरांना गुरे राखण्यासाठी व शेत सांभाळण्यासाठी मुलांची गरज भासते, हे कारण ते प्रथम देतात. उपाय म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे सुचवतात. या प्रलोभनांमुळे मुले शाळेत येतील आणि त्यातून त्यांच्यात विद्येची गोडी निर्माण होईल, अशी त्यांची मांडणी आहे. येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गोडी ही शाळेत येण्याची पूर्वअट नाही, ती शाळेत येण्याचा परिणाम आहे. आधी मुलाच्या वेळेची किंमत मान्य करायची, मग त्याला आत घ्यायचे आणि मग गोडीची अपेक्षा करायची. प्राध्यापक-कक्षातील वाक्य हा क्रम उलटा करते. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी जो उपस्थिती भत्ता सुरू केला, त्यामागे फुल्यांचाच विचार होता असे म्हणता येईल. पण त्याचा दर दिवसाला १ रुपया होता. धाकट्या भावंडाला सांभाळायला किंवा निंदणीला घरी राहणाऱ्या मुलीच्या दिवसाशी ही रक्कम ताडून पाहिली की, तत्त्व स्वीकारूनही ते निष्प्रभ कसे करता येते हे कळते.

'झुंड' मधील पाचशे रुपये

फुल्यांच्या या क्रमाचे सर्वांत स्पष्ट कलारूप आपल्याच शहरात घडले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली पावसात काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉलची चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) हा हिंदी चित्रपट या कार्यावर आधारलेला आहे. अमिताभ बच्चन यांनी त्यात विजय बोराडे या निवृत्तीकडे झुकलेल्या क्रीडाशिक्षकाची भूमिका केली आहे. मुलांच्या भूमिकांत मात्र बव्हंशी नागपूरच्या वस्त्यांतील नवखी मुले आहेत. त्यांची हिंदी ही सदर, गड्डीगोदाम, इंदोरा या भागांत रोज कानावर पडणारी हिंदी आहे. मोठ्या पडद्यावर ती इतक्या निःसंकोचपणे क्वचितच ऐकू आली असेल.

चित्रपटातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. कोळसा चोरणाऱ्या, साखळ्या हिसकावणाऱ्या, नशा करणाऱ्या या मुलांना बोराडे अर्धा तास फुटबॉल खेळण्याचे ५०० रुपये देऊ करतात. मुले खेळतात, पैसे घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. काही दिवसांनी बोराडे पैसे संपल्याचे सांगतात. मुले घुटमळतात आणि तरीही खेळायला उतरतात. प्रेक्षागृहात या प्रसंगी हमखास हशा आणि टाळ्या येतात. परंतु मानसशास्त्राच्या अभ्यासकाला तो खटकायला हवा. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके याच्या उलट घडले होते. कोडी सोडवण्यासाठी ज्या विद्यार्थ्यांना पैसे देण्यात आले, त्यांचा कोड्यांतील ओढा पैसे थांबल्यावर कमी झाला. बाह्य मोबदला आंतरिक प्रेरणेला मारक ठरतो, हा सिद्धान्त पुढे बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. मग मंजुळे यांनी दाखवले ते केवळ चित्रपटीय सोयीचे आहे काय?

तसे वाटत नाही. डेसी यांचे विद्यार्थी महाविद्यालयातच होते. त्यांचा वेळ मोलाचा आहे हे त्यांना कोणी सिद्ध करून दाखवण्याची गरज नव्हती. बोराडे यांच्या मुलांची स्थिती निराळी आहे. त्यांच्या अर्ध्या तासाला पोलीस ठाण्याच्या नोंदवहीबाहेर कोणी कधी मोजलेलेच नाही. त्यामुळे त्यांच्या हाती पडलेले ५०० रुपये हा खेळाचा मोबदला नसून दखल घेतल्याची पावती आहे. शिवाय खेळ मुलांच्या अंगात पैशांच्या आधीपासून आहे, प्लास्टिकचा डबा ते फुकटच तुडवत होते. पैशांनी खेळाची आवड निर्माण केली नाही. एका प्रौढ माणसाच्या मैदानावर रोज ठरावीक वेळी हजर राहण्याचे कारण तेवढे पुरवले. फुल्यांच्या शिष्यवृत्तीचे कार्य हेच होते.

दुसरा प्रसंग याहून छोटा आहे. स्पर्धेला भारतभरातून संघ येणार असल्याचे बोलणे चालू असता एक लहानगा भारत म्हणजे काय, असे विचारतो. कोणत्याही नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला हेवा वाटावा असा हा प्रश्न आहे. तो शाळेत विचारला गेलेला नाही, कारण उत्तराशी मुलाचा काही संबंध शाळेत आलेला नव्हता. स्पर्धेमुळे तो येतो. पुढे पारपत्रासाठी कागदपत्रे गोळा करताना, पोलीस पडताळणीच्या फेऱ्या मारताना, स्वतःचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी एका आदिवासी मुलीने वडिलांसह केलेल्या वणवणीत त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट सावकाश देत राहतो. या उत्तरार्धाला अनेकांनी रेंगाळलेला म्हटले आहे. लांबी जाणवते हे मान्य. पण कोलमन यांनी ज्या 'ताब्या'चा उल्लेख केला, तो नसणे म्हणजे काय हे रांगेतल्या या वेळखाऊपणाशिवाय दाखवता आले नसते.

'फँड्री' (२०१३) मध्ये मंजुळे यांनी शाळाच चौकटीत आणली होती. कैकाडी समाजातील जब्याला शाळा हवी आहे. बाप त्याला कामावर ओढून नेतो तेव्हा शाळा बुडते म्हणून तो खंतावतो. या शाळेत चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो आणि शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत. बाहेरचा आकार पाहून आतल्या रसाचा निर्णय करू नये, हा त्या अभंगाचा आशय. त्याच शाळेतील मुले जब्याच्या घरच्यांची डुक्कर पकडतानाची धावपळ मौजेने पाहतात आणि मेलेले डुक्कर आंबेडकर व फुले दांपत्य यांच्या चित्रांवरून वाहून नेले जाते. अभ्यासक्रमात काय आहे आणि शाळेच्या आवारात काय शिकायला मिळते, यांतील अंतर याहून कमी शब्दांत मांडता येणार नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो. त्यानंतर तो शाळेत गेला नसेल, तर गळतीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे कोणते कारण लिहिले जाईल? त्या तक्त्यात 'अभ्यासात गोडी नाही' असा एक रकाना सहसा असतोच.

ज्याच्याकडे वेळ होता तो

येथपर्यंतच्या विवेचनातून दारिद्र्य आणि जात हीच अनुत्सुकतेची कारणे आहेत, असा समज होऊ शकेल. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) त्याला अगोदरच हरकत घेऊन ठेवली आहे. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात वसतिगृहात राहतो आणि वडिलांच्या पैशांवर शिकतो. फुल्यांच्या शिष्यवृत्तीची त्याला गरज नाही, तरी तो परीक्षेत अपयशी ठरून गावी परततो. समीक्षेने त्याच्या या प्रवासाला अस्तित्ववादापासून देशीयतेपर्यंत अनेक चौकटी लावल्या. शिक्षक म्हणून वाचताना मात्र एक साधी गोष्ट डोळ्यांत भरते. या मुलात उत्साहाची वाण कधीच नव्हती. सुरुवातीला तो वसतिगृहाच्या आणि महाविद्यालयाच्या नाना उपक्रमांत स्वतःला झोकून देतो, खानावळीचा कारभार अंगावर घेतो, त्यात पैसे घालवून बसतो. इतिहासलेखनाच्या शैलीचे त्याने केलेले विडंबन पाहिले तर त्याच्या बुद्धीविषयीही शंका उरत नाही. महाविद्यालयाला त्याच्याकडून जे हवे होते तेवढेच तो देत नाही, आणि तो जे देऊ शकत होता त्याला गुणपत्रिकेत जागा नव्हती. (आज 'कोसला' अनेक विद्यापीठांत अभ्यासाला आहे. पांडुरंगाची व्यक्तिरेखा मार्गदर्शिकेतून पाठ करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण चांगले गुण देतो. नेमाड्यांनाही हे विडंबन सुचले नसते.)

म्हणून वेळेची किंमत मान्य करणे ही पहिली पायरी असली तरी ती पुरेशी नाही. वेळ कशासाठी द्यायचा, हा प्रश्न तिच्यानंतर येतो. आपल्या विदर्भात यावर एक उत्तर शोधले गेले होते. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. मुलाच्या हातून उपयुक्त वस्तू घडावी आणि शिक्षण तिच्याभोवती गुंफले जावे, असा तो विचार होता. शाळा मुलांच्या श्रमावर चालवण्याचा धोका त्यात आहे, ही टीका तेव्हाच झाली होती आणि ती अनाठायी नव्हती. तरीही दुपारी ४ वाजता आज आपण काय केले, हे मुलाला दाखवता आले पाहिजे, ही त्यामागची जाणीव सोडून देण्याजोगी नव्हती. आपण ती सोडली.

आजच्या नागपुरात या प्रश्नाचे रूप पाहावयाचे असेल तर कोणत्याही अभ्यासिकेत जावे. आमच्या वर्गातील हजेरीपटावर जो सातत्याने गैरहजर असतो, तो विद्यार्थी तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेला आढळतो. डबा तेथेच खातो, महिन्याचे शुल्क स्वतः भरतो. त्याच्यात प्रेरणा नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्याने केवळ पदवीच्या वर्गाचे आणि शासकीय नोकरीच्या शक्यतेचे मोल ताडून पाहिले आहे. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट असल्याने त्याचा हिशेब फसण्याचा संभव मोठा आहे. पण तो हिशेब आहे, आळस नव्हे. त्याला शिकवणारा प्राध्यापकही पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. त्याच्या तासाला दर असतो, वर्षाला नसतो. त्याच्या डोळ्यांतील हिशेब विद्यार्थ्याला वाचता येत नाही, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

या सर्व विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. काही विद्यार्थी खरोखरच आळशी असतात, आणि सगळा दोष व्यवस्थेवर ढकलला की त्यांनाही एक सोयीचे कारण मिळते. हे खरे आहे. 'झुंड' मध्येही सगळी मुले सुधारत नाहीत. चाकू-ब्लेडची सवय अंगात मुरलेला डॉन शेवटपर्यंत डळमळीत राहतो, आणि ही व्यक्तिरेखा चित्रपटातील सर्वांत अस्सल आहे ती त्यामुळेच. पण आळस हा निष्कर्ष शेवटी यावा, आरंभी नव्हे.

'झुंड' विषयीचा माझा खरा आक्षेप निराळा आहे आणि तो आम्हा प्राध्यापकांपर्यंत येऊन पोहोचतो. या चित्रपटात वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक भिंत आहे. मैदानाच्या निमित्ताने मुले ती ओलांडतात, महाविद्यालयाच्या संघाशी सामना खेळतात आणि अखेरीस विमानतळापर्यंत जातात. त्या महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून मात्र ती शिरत नाहीत. त्यांच्यासाठी झटणारा माणूस क्रीडाशिक्षक आहे आणि तोही निवृत्त होतो. मराठीचा, अर्थशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एकही अध्यापक आपल्या खोलीतून बाहेर येऊन त्या अर्ध्या तासाचा भाव विचारत नाही. मंजुळे यांना हे दिसले नसेल असे मानवत नाही, कारण शेवटच्या दृश्यात विमान वस्तीवरून जाते तेव्हा खाली भिंत तशीच उभी असते आणि ती ओलांडण्यास मनाई असल्याची पाटीही तिच्यावर तशीच असते.