पायाला कळणारं काम

वणीतल्या एका घरात सिमेंटच्या जिन्यावर इंजिनिअर्ड लाकूड चढवलंय. आलेला पाहुणा रंग बघतो आणि वर जातो. मी म्हणेन, आधी अनवाणी चढा. पहिली पायरी, मधली, शेवटची, तिन्हींची उंची पावलाला सारखीच लागते. 15 मिलिमीटरची फळी जुन्या पायऱ्यांवर नुसती चिकटवली, तर सगळ्यात खालची पायरी तेवढी उंच होते आणि वरच्या मजल्याला भेटणारी तेवढीच ठेंगणी; मधल्या जशाच्या तशा. डोळ्याला हे दिसत नाही, पाय मात्र अडखळतो. या सुतारानं पायऱ्यांवरची कोटा फरशी मसाल्यासकट उखडून काढली आणि तिच्याच जाडीत प्लाय अन् फळी बसवली. मापाचा हिशेब असा लपवावा.

आता कड बघा. बाजारात तयार नोझिंग मिळतं. ते लावलं की प्रत्येक पायरीवर वेगळ्या छटेची पट्टी उठून दिसते. इथे त्याच फळीचा पुढचा तुकडा 45 अंशांत कापून खाली वळवलाय, म्हणून सागाचा रंग कडेवरून न तुटता उतरतो. धारदार कडेचा टवका उडतो, तेव्हा ती घासणं आलंच. पण किती? वरचा सागाचा थर जेमतेम 4 मिलिमीटर, खाली प्लाय. गोलाई जराशी वाढती तर प्लायची रेघ उघडी पडती. बोट फिरवा, कड गोल लागते. चार पावलं मागे जाऊन बघा, सरळ दिसते. पॉलिश पेपर नेमका कुठे थांबवायचा हे त्या हाताला ठाऊक होतं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारशाचा सागाचा डेपो आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला तो तिथूनच. अशा मुलखात ‘प्लायवरचा साग’ म्हटलं की नाकं मुरडली जाणारच. पण इथला मे महिना पारा 45 अंशांपर्यंत नेतो आणि जुलैत दारं चौकटीत अडकू लागतात. एकसंध फळी रुंदीत फुगते, आकसते. इथे थर एकमेकांना काटकोनात चिकटलेले, एकाच्या हालचालीला दुसरा आवर घालतो. शिवाय फळी पूर्ण पृष्ठभागावर चिकटवलीय. कुठेही टिचकी मारा, पोकळ आवाज येत नाही.

भिंतीची बाजू मला सगळ्यात आवडली. प्लास्टर गुण्यात कधीच नसतं. म्हणून प्रत्येक पायरीचा पुठ्ठ्याचा वेगळा साचा कापून फळी त्या बाकाला जुळवलीय. सांध्यात पुट्टी नाही, झाकायला पट्टी नाही. पायरीची मागची कापलेली बाजू वरच्या उभ्या फळीखाली गेलीय.

कुरकुर एकच: कठडा स्टीलचा, थंड आणि परका. पण त्याचे खांब जिथे लाकडात उतरतात तिथे एरवी भोकाची फट लपवायला चकती असते. इथे चकतीची गरजच पडलेली नाही.