घरच्या ध्वनिमुद्रणातील रिव्हर्ब : एका मिश्रणाची चिकित्सा

या टिपणात आपण एका घरगुती मिश्रणाचे दोष तपासणार आहोत. मिश्रण माझेच आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येईल.

गेल्या हिवाळ्यात गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आईच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. एका ओवीत माझ्या आजीचे नाव येते. आवाज भारदस्त वाटावा म्हणून मी त्यावर अडीच सेकंदांचा हॉल रिव्हर्ब चढवला. आईने ऐकले आणि विचारले, "मी काय विहिरीत बसून गात होते का रे?" आजीचे नाव कोणालाच ऐकू येत नव्हते.

पहिली चूक समजुतीची होती. रिव्हर्ब म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला नव्हे. तो कानाला अंतर सांगतो. गाणारा दूर गेला की थेट आवाज उतरतो, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास सुमारे ६ डेसिबलने. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ तेवढाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. 'महल' (१९४९) मधील 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी गाताना लताबाई दुरून माइककडे चालत आल्या होत्या, ही त्यांनीच सांगितलेली आठवण आहे. तिथे दुरावा गाण्याला हवा होता. ओवी गाणारी बाई आपल्या शेजारी बसलेली असते. मी तिला सभागृहाच्या टोकाला नेऊन बसवले.

दुसरी चूक आकड्याची. बेल प्रयोगशाळेतील मानफ्रेड श्रोडर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कृत्रिम रिव्हर्बच्या रचनेत चार कॉम्ब फिल्टर समांतर आणि त्यांच्यापुढे दोन ऑल-पास फिल्टर असतात. कॉम्ब फिल्टर म्हणजे विलंब आणि फीडबॅक : बाहेर पडलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा आत सोडायचा. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे रिव्हर्बचा काळ. विलंब ५० मिलिसेकंद आणि काळ २.५ सेकंद असेल, तर प्रत्येक फेरीत १.२ डेसिबल घट हवी, म्हणजे फीडबॅकचा गुणांक सुमारे ०.८७. काळ १ सेकंद केला तर घट ३ डेसिबल, गुणांक ०.७१. गुणांक १ झाला की आवाज विरतच नाही; १ च्या पुढे तो वाढत जातो.

आता हे शब्दांना लावून पाहा. सेकंदाला चार अक्षरे म्हटली जात असतील, तर पुढचे अक्षर २५० मिलिसेकंदांनी येते. तेवढ्यात माझ्या हॉलमधले आधीचे अक्षर फक्त ६ डेसिबलने उतरले होते. १ सेकंदाच्या रिव्हर्बमध्ये ते १५ डेसिबलने उतरले असते. आजीचे नाव त्या ९ डेसिबलमध्ये हरवले.

तिसरी चूक मुद्रणाचीच. माइक दोन हात लांब आणि समोर उघडी भिंत. म्हणजे आमच्या खोलीचा घुमारा आधीच आवाजात शिरला होता. त्यावर दुसरी खोली चढवली. मुद्रणात शिरलेला घुमारा नंतर पुरता काढता येत नाही.

दुसऱ्या खेपेस आईभोवती रजया टांगल्या आणि माइक वीतभर अंतरावर ठेवला. रिव्हर्ब १ सेकंदाचा घेतला, तो ३० मिलिसेकंद उशिरा सुरू केला, त्यातले २०० हर्ट्झखालचे ध्वनी कापले आणि पातळी थेट आवाजाच्या १२ डेसिबल खाली ठेवली. हेही मिश्रण निर्दोष नाही. 'स' आणि 'श' यांचा फुत्कार रिव्हर्बमध्ये टोचतो. तेथे वरचे ध्वनीही कमी करायला हवे होते. पण शब्द कळतात. आईने या वेळी काही विचारले नाही. ती आजीच्या नावापाशी थांबली आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

करून पाहा : तुमचे मिश्रण फोनच्या स्पीकरवर, गाणे माहीत नसलेल्या एखाद्याला ऐकवा आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. न कळलेले शब्द मोजा, मगच रिव्हर्बचा काळ बदला. आपल्याला शब्द पाठ असतात, म्हणून ते ऐकू आल्यासारखे वाटतात. हा दुसरा फीडबॅक कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.