चेंडू बदलला, बापाचं काय? जपानी चित्रमालिका आणि त्यांची रूपांतरं



खारदांड्यात जपानी मालिकांवर बोलायचं ठरलं, तेव्हा ऐकायला कोण येणार अशी शंका आम्हालाच होती. पण पुढे पोरं बसली आहेत आणि मागे त्यांचे आईवडील, म्हणजे दोघांनाही पुरेल असं बोलायला हवं. पोरांना यातलं आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. मागच्या मंडळींसाठी दोन शब्द सांगतो: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. बहुतेक गाजलेल्या ॲनिमे मालिका मांगावरूनच होतात. म्हणजे रूपांतर हा या व्यवहाराचा पायाच आहे.

तर या मालिका इतक्या का ओढून घेतात? नेहमीचं उत्तर म्हणजे मोठे डोळे, रंगीत केस, जोरदार मारामाऱ्या. ते पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. पण शंभराव्या भागापर्यंत कोणी डोळ्यांसाठी थांबत नाही.

आत्ता व्याख्यानाआधी एका मुलाशी 'वन पीस'बद्दल गप्पा चालल्या होत्या. एइचिरो ओदा यांची ही चित्रकथा 1997 पासून चालू आहे. तिचा नायक लुफी हा समुद्री चाच्यांचा कप्तान आहे. एक जादूचं फळ खाल्ल्याने त्याचं अंग रबरासारखं ताणतं, पण त्याच फळामुळे त्याला कधीच पोहता येणार नाही. तो मुलगा म्हणाला, "पोहायला येत नाय, मग कप्तान कसला?" कोळीवाड्यातला प्रश्न आहे, रास्तच आहे. पण कथेची मेख नेमकी तिथेच आहे. लुफी पाण्यात पडला की कोणीतरी उडी मारून त्याला काढावं लागतं. त्याला रांधता येत नाही, दिशा कळत नाही, जहाज दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक कामाला वेगळा माणूस लागतो. तांडेल कितीही मोठा असला तरी खलाशांशिवाय बोट निघत नाही, हे इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

याच मालिकेत एक प्रसंग आहे. त्यांचं जुनं जहाज, 'गोइंग मेरी', मोडतं. आता ते दुरुस्त होणार नाही हे कळल्यावर ते लोक त्याला समुद्रातच अग्नी देतात, आणि जळणारं जहाज त्यांची माफी मागतं: तुम्हाला आणखी पुढे नेता आलं नाही म्हणून. लाकडाची वस्तू बोलते आणि मोठी माणसं रडतात. बाहेरच्याला हे भाबडं वाटेल. पण नारळी पौर्णिमेला ज्या घरात बोटीची पूजा होते, तिथे ते भाबडं वाटायचं कारण नाही. आकर्षण आहे ते इथे. या मालिका वेळ घेतात, नात्याला वजन येऊ देतात. नायक हरतो, आणि ती हार पुढच्या भागात पुसली जात नाही. काही मालिका नको इतक्या लांबतात, तोही याच गुणाचा दोष.

आता रूपांतराकडे येऊ. मागे बसलेल्यांपैकी अनेकांनी नकळत ॲनिमे पाहिलेलं आहे. 1993 मध्ये दूरदर्शनवर 'द जंगल बुक' लागायचं, आठवतं ना? ती 1989 ची जपानी मालिका, निप्पॉन ॲनिमेशनची. पुस्तक इंग्रज लेखकाचं, जंगल भारतातलं, चित्रं जपानमधली. पण ती आपली झाली आवाजामुळे. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मुरूडच्या माणसाने त्या वाघाला जो खुनशी, दबका सूर दिला, तो चित्रात नव्हता. चित्राची एक रेघ न बदलता रूपांतर झालं.

याच्या उलट उदाहरण खास मुंबईचं आहे. 23 डिसेंबर 2012 पासून 'कलर्स' वाहिनीवर 'सूरज: द रायझिंग स्टार' ही मालिका आली. मूळ कथा 'क्योजिन नो होशी', 1966 ते 1971 या काळात चाललेला बेसबॉलवरचा मांगा. लेखक इक्की काजिवारा, चित्रकार नोबोरू कावासाकी. नव्या मालिकेत बेसबॉलच्या जागी क्रिकेट आलं, टोकियोच्या जागी मुंबई आणि ह्यूमाच्या जागी सूरज. साठच्या दशकातला जपान जसा वर येत होता तसा आजचा भारत येतोय, अशी त्यामागची कल्पना. कागदावर पटण्यासारखीच.

मूळ कथेत बाप मुलाच्या अंगाला पोलादी स्प्रिंगांचा साज चढवतो. हात हलवायचा तर स्प्रिंगशी झगडायचं, जेवतानासुद्धा. हिंदी मालिकेत स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. हा बदल आम्हाला आधी फार आवडला. मुंबईच्या गरीब पोराला स्प्रिंगांचा साज कुठून मिळणार? ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळते. अस्सल जुगाड! पण विचार करू लागलो तसा आनंद ओसरला. स्प्रिंग दुखवते, ट्यूब फक्त ताणते. ते दुखणं निघून गेलं की बापाचा अपराधही हलका होतो.

आणि तो बाप असा का आहे? मूळ कथेतला इत्तेत्सू स्वतः खेळाडू होता. युद्धात त्याचा खांदा गेला, खेळ संपला. आता तो रोजंदारीवर राबतो आणि आपल्या चाळींची आठवण व्हावी अशा घरांच्या ओळीत राहतो. त्याच्या रागामागे एक अख्खं हरलेलं युद्ध आहे. म्हणून तो क्रूर वाटतो, पण खोटा वाटत नाही.

मुंबईत त्या युद्धाच्या जागी काय येईल? आमच्या मते उत्तर समोर होतं: 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणीसंप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कित्येकांना परत जायला गिरणीच उरली नाही. त्या घरांतले बाप, त्यांचा अबोला, मुलाच्या अंगावर टाकलेलं सगळं ओझं, हे या शहराने पाहिलेलं आहे. आम्ही पाहिलेल्या भागांत मात्र त्याची जागा रिकामी होती. चेंडू बदलला, मैदान बदललं, पण बापाला इतिहास मिळाला नाही. 'जंगल बुक' शीर्षकगीतासकट आजही आठवतं आणि 'सूरज' फारसा कोणाला आठवत नाही, त्याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं. हेतू चांगला होता, मेहनतही होती. पण रूपांतर म्हणजे वस्तूंची अदलाबदल नव्हे. मूळ कथेत दुखतं कुठे ते शोधायचं आणि आपल्याकडे तसं काय दुखतं ते विचारायचं.

पुढे बसलेल्या पोरांमधलं कोणीतरी उद्या चित्रं काढणार आहे. काहींच्या वह्या आम्ही पाहिल्या. लुफी छान काढता. हात बसेपर्यंत नक्कल जरूर करा. पण पुढे स्वतःची गोष्ट काढाल तेव्हा नायकाला कोळ्याची टोपी घातली म्हणजे ती खारदांड्याची झाली, असं समजू नका. समोर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, आणि आपल्या मासेमारीच्या जागेचं काय, हा प्रश्न इथल्या लोकांनी मांडलेला आहे. मासळी घटली तेव्हा घरात कोण गप्प झालं, कोणाची बोट विकली गेली, मुलाने समुद्रावर जावं की जाऊ नये यावर आजा आणि बाप काय भांडले, ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला नाही, आणि टोकियोतल्या चित्रकारालाही नाही.

आणि ती माणसं बोलतील ती तुमच्या घरातल्या भाषेत. या मालिका तुम्ही हिंदीत ऐकता, इंग्रजी अक्षरांत वाचता, त्यात वाईट काही नाही. पण शेरखान आपला झाला तो आवाजाने, हे विसरू नका.

मघाच्या मुलाला एवढंच सांगायचंय: तुझी हरकत योग्य आहे. तुझ्या गोष्टीतल्या कप्तानाला पोहता येऊ दे. मग त्याला काय येत नाही, ते तू ठरव. गोष्ट तिथून सुरू होईल.

आता प्रश्न विचारा. पुढच्या रांगेपासून सुरुवात करू.