वरकस माळ आणि जीवामृताचे विरजण

सुभाष पाळेकर जीवामृतास जमिनीचे विरजण मानतात. उपमा मार्मिक आहे; परंतु विरजणास आधी दूध लागते, आणि ठाणे-कल्याणकडील उताराच्या वरकस माळांवर त्याचीच वाण आहे. तेथील गवत वर्षानुवर्षे कापून मुंबईच्या तबेल्यांकडे गेले. शेण, पालापाचोळा भातरोपांच्या राबात जळाला (१८८२ च्या ठाणे गॅझेटियरातही राबाचे वर्णन आहे). माळाकडे परत काय आले? एकरी २०० लिटर पाण्यात कालविलेले १० किलो शेण ही तूट भरून काढील, हे आम्हांस पटत नाही. जिवाणू हवेतील नत्र बांधतील. स्फुरद व पालाश मात्र ते फार तर मोकळे करतील, निर्माण करणार नाहीत. फवारणीचा प्रयोग करावयाचाच, तर शेजारी निव्वळ शेणखताचा एक तुकडा राखावा.