काडतुसाची एककेंद्रितता : मापन, कार्यकारणभाव आणि मराठी क्रीडालेखन

प्रस्तावना

नेमबाजीतील अचूकता हा मराठीत बहुधा मनोनिग्रहाचा विषय म्हणून मांडला जातो. २०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. दोन्ही वेळी कौतुकाचा भर प्रामुख्याने एकाग्रता, जिद्द आणि श्वासावरील ताबा यांवर राहिला. अर्जुनाला दिसलेला पक्ष्याचा डोळा हा दाखला तर ठरलेलाच. बाण कसा होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक मराठी परंपरेला बाण घडविणारा अपरिचित नाही. एकनाथांनी ज्या भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यातील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये राजाची स्वारी शेजारून गेली तरी भान न आलेला शरकार आहे. परंतु तेथेही गौरव त्याच्या तल्लीनतेचा होतो, बाणाचा नव्हे.

बाणाचा विचार करणारे स्वतंत्र वाङ्मय पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, विपुल आहे. तेथील नेमबाज वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणून, नवी कॅप, दारू व गोळी बसवून स्वतःचे काडतूस तयार करतात. या वाङ्मयात ‘एककेंद्रितता’ या कल्पनेला जवळजवळ श्रद्धास्थानाचे महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात त्या कल्पनेची चिकित्सा केली आहे.

मापन काय सांगते?

पुंगळीचा अक्ष आणि गोळीचा अक्ष एकाच रेषेत असणे म्हणजे एककेंद्रितता. खंडाळा-शिरवळ पट्ट्यातील कोणत्याही यंत्रशाळेतील टर्नरला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. चकमध्ये धरलेला जॉब ‘डायल लावून’ पाहणे हे त्याचे रोजचेच काम. काडतूस व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवितात, गोळीच्या अंगाला डायल गेजचे टोक टेकवितात आणि काटा किती हलतो ते नोंदवितात. हा ‘रनआउट’. तो प्रत्यक्ष विकेंद्रतेच्या दुप्पट असतो, हे ध्यानात न घेता आकडे उद्धृत करण्याची चूक या वाङ्मयात वारंवार आढळते. दोन-तीन हजारांश इंचाच्या आतील रनआउट सामान्यतः समाधानकारक मानला जातो.

दोष कोठून येतो याविषयी फारसा मतभेद नाही. पुंगळीच्या मानेची जाडी सर्व बाजूंनी सारखी नसते; मान आतून रुंदावणारा गोळा बाहेर ओढताना मान एका बाजूस कलते; गोळी तिरपी बसते. म्हणून जाणकार मान बाहेरून तासून जाडी समान करतात किंवा ती गरजेपेक्षा अधिक आवळून पुन्हा रुंदावण्याचे टाळतात.

याउलट, तयार काडतुसातील गोळी बाजूने दाबून ‘सरळ’ करण्याचा उपाय संशयास्पद वाटतो. त्याने डायलवरील आकडा सुधारतो. पण मानेची पकड एका बाजूस सैल होण्याचा संभव राहतो. येथे साधन साध्याची जागा घेते.

कार्यकारणभावाचा प्रश्न

अमेरिकन वैद्य फ्रँकलिन मान यांचा १९०९ साली प्रसिद्ध झालेला ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हा ग्रंथ या संदर्भात आजही वाचनीय ठरतो. मान यांनी गोळ्या मुद्दाम सदोष करून झाडल्या आणि दोषाचा परिणाम पाहिला. कारण शोधायचे तर ते हेतुपुरस्सर घडवून पाहावे लागते, ही त्यांची शिस्त नंतरच्या अनेक लेखकांनी सोडून दिली.

यामागील गणित सोपे आहे. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ०.०१ मिलिमीटर ढळला, तरी नळीबाहेर पडताना तिला बाजूचा वेग मिळतो आणि ३०० मीटरवर ती सुमारे ७ सेंटिमीटर सरकते. त्या लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५ सेंटिमीटर असते. पण हा ढळ नळीतील आहे, व्ही-ब्लॉकवरील नव्हे. नळीच्या तोंडाशी गोळी बऱ्याच अंशी सरळ होते. किती, हे डायल सांगू शकत नाही. शिवाय सरळ काडतुसे करणारा माणूस दारूचे वजन, गोळ्यांची निवड, पुंगळ्यांची लांबी यांतही काटेकोर असतो. त्याच्या यशाचे श्रेय एकट्या रनआउटला देणे हे तर्कदुष्ट आहे.

कसोटी अवघड नाही. रनआउटचा उंच बिंदू प्रत्येक काडतुसावर खुणावावा. निम्मी काडतुसे खूण वर ठेवून व निम्मी खाली ठेवून झाडावीत. कल्पना खरी असेल तर लक्ष्यावर दोन वेगळे पुंजके दिसले पाहिजेत. एकच पुंजका दिसला, तर डायलपुढे घालविलेल्या रात्री निदान त्या रायफलीपुरत्या व्यर्थ गेल्या असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील नेमबाजापुढील प्रश्न

ही चर्चा महाराष्ट्रात जशीच्या तशी लागू होत नाही. १८६९ पासून काडतुसे बनविणारा खडकीचा दारूगोळा कारखाना पुण्यातच असला, तरी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळ्याची निर्मिती करता येत नाही आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेत सुटे भाग व निर्मितीची यंत्रेही येतात. त्याहून मोठी अडचण तांत्रिक आहे. सावंत व कुसाळे यांच्या ५० मीटर प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे स्फोटक पुंगळीच्या काठातच भरलेले असल्याने ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसते. तेथे दहाच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर आणि गोळीचा ५.६. नेमबाजाच्या हाती उरते ती निवड: रायफल पक्क्या बैठकीत आवळून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडणे, सर्वांत आटोपशीर पुंजका देणारा लॉट हेरणे आणि तोच मोठ्या संख्येने एकदम विकत घेणे. एली, लापुआ यांसारख्या उत्पादकांनी अशा चाचणीच्या सोयी उभारल्या आहेत. कर्ज काढून रायफल घेणाऱ्या ग्रामीण कुटुंबातील मुलाला हाती येईल त्या लॉटवर सराव करावा लागतो. त्याची गोळी नऊच्या वर्तुळात गेली की प्रशिक्षक त्याचा श्वास तपासतो. डब्यावरील लॉट क्रमांक कोणी वहीत लिहीत नाही.